५.१ स्पीकर घेण्याआधी कॉम्प्युटरची पाठ बघा

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. ते आणून मांडले, तरी मागून वेगळा आवाज येतच नाही, सगळीकडून तेच वाजतं. बहुतेक वेळा दोष स्पीकरचा नसतो, जोडणीचा असतो.

१. सीपीयूच्या मागे टॉर्च मारून ऑडिओची भोकं बघा. हिरवं पुढच्या स्पीकरचं, काळं मागच्यांचं, केशरी मधल्याचं आणि वूफरचं. हिरवं, निळं, गुलाबी अशी तीनच असली तरी बऱ्याच मदरबोर्डवर ड्रायव्हरच्या (आवाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमधून निळं-गुलाबी आउटपुट करता येतं. बहुतेक लॅपटॉपला मात्र ५.१चं यूएसबी साउंड कार्ड लागतं.

२. दुकानात सेट उलटा फिरवायला सांगा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. मागे इनपुटच्या तीन जोड्या हव्यात, प्रत्येक भोकासाठी एक (ऑप्टिकल किंवा एचडीएमआय असेल तर गोष्ट वेगळी, एकाच वायरमधून सगळे आवाज येतात). लाल-पांढरी एकच जोडी आणि ब्लूटूथ असेल, तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, कॉम्प्युटरसाठी तो स्टिरिओच, म्हणजे फक्त डावा-उजवा आवाज. ब्लूटूथवरून सहसा हेच दोन चॅनल येतात.

३. टेबलापासून खुर्चीमागच्या भिंतीपर्यंत, दाराला वळसा घालून, सुतळीने मोजा. मागच्या स्पीकरची वायर तेवढी हवी. माझी कपाटापाशीच संपली होती.

जोडल्यावर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडून टेस्ट दाबा. एकेक स्पीकर पाळीपाळीने वाजला पाहिजे.

आणि हो, खोक्यावरच्या हजारो पीएमपीओ वॅटना भुलू नका, तो क्षणभराचा फुगवलेला आकडा असतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट किती, तेवढंच विचारा.