तराजूची दांडी आणि घराची तुळई: या चुका टाळा

परभणी जिल्ह्यात आमच्या काकांचं किराणा दुकान आहे. लाइट गेली आणि काट्याची बॅटरीही उतरली की खुंटीवरची जुनी तागडी खाली येते. गेल्या दिवाळीत मी तिच्यावर एक किलो तूरडाळ तोलली आणि सहज पारडी बदलून पुन्हा तोलली, तर आणखी चाळीसेक ग्रॅम डाळ टाकावी लागली. काका म्हणाले, ‘‘रिकामी असताना दांडी सरळ राहते की! मग खोट कुठंय?’’

सगळे इथंच फसतात. तागडी नुसत्या वजनांची बरोबरी करत नाही. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, याची करते. काकांच्या तागडीची एक भुजा १५ सेंटिमीटर निघाली, दुसरी १४.७. तीन मिलिमीटर कुणाच्या डोळ्यांत येणार? पण लांब भुजेकडे ९८० ग्रॅम डाळ ठेवली की ती समोरच्या एक किलोच्या मापाला पेलते. रिकामी असताना लांब बाजू खाली गेली असती, म्हणून कुणीतरी आखूड बाजूच्या पारड्याखाली तारेचा पासंग गुंडाळून ठेवला होता. पासंगानं दांडी सरळ होते, भुजा सारख्या होत नाहीत.

म्हणून रिकामी तागडी बघून विश्वास ठेवू नका, पारडी बदलून तोला. दोन्ही वेळा एकच वजन आलं तर भुजा सारख्या. फरक आला तर दोन्ही वजनांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. फरक थोडा असेल तर सरासरीही चालते. त्याहून सोपं म्हणजे धडा करणं. एका पारड्यात डाळ, दुसऱ्यात वाळू टाकून काटा मधोमध आणा. मग डाळ काढून त्याच पारड्यात मापं ठेवा. माल आणि मापं एकाच भुजेवर तोलली गेली, की भुजांचा फरक आपोआप निघून जातो. (एक किलो या पारड्यात, एक किलो त्या पारड्यात, असं आलटूनपालटून तोलून भागेल असं काकांना वाटलं. हिशेब केला तर ९८० आणि १०२०.४, म्हणजे उलट दुकानदारालाच चिमूटभर तोटा.) दांडीच्या तागडीची आणि मापांची पडताळणी दर दोन वर्षांनी करून शिक्का घ्यावा लागतो, तेही विसरू नका.

दुसरी तक्रार असते, ‘पाच-दहा ग्रॅम टाकले तरी काटा हलत नाही.’ आधी टेकूची धार पुसा. तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. तरीही तागडी जडच असेल, तर दांडी वाकली आहे का बघा. झेपेल त्याहून जास्त माल टाकला की दोन्ही टोकं लवतात, पारडी अडकवायच्या जागा मधल्या टेकूच्या खाली जातात आणि तागडी सुस्त होते. म्हणून चांगली दांडी मध्यावर उंच असते, रुंद नव्हे.

घराच्या तुळईचंही तसंच आहे. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि न वाकण्याची ताकद उंचीच्या घनानं वाढते. चार बाय आठ इंची सागवानी तुळई उभी ठेवली तर आडवीपेक्षा चौपट ताठ. तरी ‘बसायला बरी’ म्हणून आडवी टाकणारे सुतार मी पाहिलेत.

काँक्रीटला दाब सोसतो, ताण नाही. म्हणून सळई ताणाच्या बाजूला हवी. दोन भिंतींवरच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ती खाली, पण गॅलरीत आणि छज्ज्यात वर, कारण त्यांचं पुढचं टोक मोकळं असतं आणि ताण वरच्या बाजूला येतो. अंथरलेली जाळी बिगाऱ्यांच्या पायांखाली दबून खाली जाते, ओतकामाच्या गडबडीत कुणी बघत नाही, आणि सेंटरिंग काढल्यावर छज्जा झुकतो. ओतकामाच्या दिवशी मिस्त्रीजवळ स्वतः उभे राहा. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू साध्या सिमेंटात किमान १४ दिवस काढायचे नसतात, हेही त्याला सांगा.

हॉल मोठा करायला मधला कॉलम पाडणं ही तर भयंकर चूक. त्याच्या डोक्यावर बीमचा ताण वरच्या बाजूला होता. कॉलम गेला की तो ताण बीमच्या खालच्या बाजूला येतो, आणि तिथं पुरेशी सळई टाकलेलीच नसते. शिवाय दर फुटावरचा भार तोच राहून दोन टोकांवर टेकलेल्या बीमची लांबी दुप्पट झाली तर बाक सोळापट होतो.

माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेली घरं आपल्याकडे अजून आहेत. गळती लागली की वर पांढरी माती टाकायची, ही जुनी सवय. दहा बाय दहा फुटांच्या खणावर एक इंच माती म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास, आणि भिजली की त्याहून जड. तुळई लवते, खळग्यात पाणी साचतं, पुन्हा गळतं, पुन्हा माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं हेच ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

त्यामुळे गळती दिसली की आधी जुनी माती उतरवा, मग दुरुस्ती करा. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मध्याचा बाक मोजा आणि भिंतीवर तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. वाढला असेल तर आधी खाली टेकू द्या, मग जाणकाराला बोलवा. काँक्रीटच्या बीमला भिंतीजवळ तिरपी भेग दिसली तर मात्र दोरी शोधत बसू नका, त्या खोलीतून माणसं बाहेर काढा.