वजन उतरवणारी कॉफी आणि तिचा ‘बिझनेस’: जॉईन व्हायच्या आधी या चुका टाळा

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असो, भिशी असो नाहीतर पुण्यातल्या तळजाई टेकडीवरचा सकाळचा वॉक, कुणीतरी पर्समधून कॉफीचं सॅशे काढतंच. महिन्यात चार किलो उतरतील, वर तीच कॉफी विकून आणि ओळखीच्यांना जोडून घरबसल्या इन्कम, फक्त रविवारी एका हॉलवर या, ऐकून घ्या, मग ठरवा. ऐकायला जायला हरकत नाही, पण तिथं गेल्यावर चांगली शिकलेली माणसंसुद्धा ठरलेल्या काही चुका करतात, त्या आधी बघू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॉफी आणि बिझनेस एकाच वजनात तोलणं. वहिनींचं पोट खरंच कमी झालं असेल, पण त्यावरून तुम्हाला त्यात पैसे मिळतील हे कसं ठरलं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि स्टेजवरचा माणूस ते मुद्दाम एकत्र करतो. पैशाचं विचारलं की रिझल्टचे फोटो दाखवतो, रिझल्टचं विचारलं की चेकचे फोटो.

आधी पैशाचंच घ्या. समजण्यापुरते आकडे धरू. पाकिटाची एमआरपी १,८०० रुपये, तुम्हाला १,४०० ला, आणि कमिशन चालू ठेवायला महिन्याला चार पाकिटं घ्यायलाच लागतात म्हणजे ५,६०० गेले. कागदावर ४०० गुणिले चार, १,६०० नफा. आता खरं काय होतं बघा, एक पाकीट आपणच पितो कारण ‘प्रॉडक्टचा युजर व्हा’ असं सांगितलेलं असतं, एक कपाटात राहतं, दोन विकली जातात त्यातलं एक आत्याला, आणि आत्याकडून चारशे रुपये जास्त कोण घेणार. हातात आले ३,२००. म्हणजे २,४०० खिशातून गेले, त्यात पेट्रोल नाही, सेमिनारचं तिकीट नाही, वाटलेली सॅम्पल नाहीत. आणि ३० सॅशेचं पाकीट धरलं तर गिऱ्हाइकाला कप पडतो ६० रुपयांना, तोही घरी स्वतः ढवळून!

म्हणून अपलाईनला, म्हणजे तुम्हाला जोडणाऱ्या वरच्या माणसाला, इन्कमचा स्क्रीनशॉट मागू नका, तो लगेच मिळतो. गेल्या वर्षात किती आले, किती माल घेतला, प्रवास-हॉल-तिकिटं यावर किती गेले असा पूर्ण हिशोब मागा. आणि अजून एक विचारा, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी जे स्वतः जॉईन नाहीत असे किती जण दुसऱ्यांदा पाकीट घेतात? बाहेरचा माणूस परत येत नसेल तर पैसा येतोय नवीन जॉइनिंगमधून, आणि मग ती कॉफी नुसती पावती फाडायला ठेवलेली आहे.

‘फक्त सहा जण आणा, ते सहा आणतील’ हे ऐकायला सोपं वाटतं. फोनचा कॅल्क्युलेटर काढा. ६, ३६, २१६, १,२९६… नवव्या पायरीला आकडा १ कोटी ७७ हजारांवर जातो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या आसपास होती, म्हणजे बारामती-जुन्नरपासून तान्ही बाळं धरून सगळे कॉफी विकायला लागले तरी ती एक पायरी भरत नाही.

पुढची चूक, पाकिटाची पुढची बाजू वाचायची आणि मागची नाही. मागे बारीक अक्षरात इन्स्टंट कॉफी, चिकोरी, ग्रीन कॉफी एक्स्ट्रॅक्ट, गार्सिनिया असं काहीतरी असतं, आणि नेमकं ज्यानं वजन उतरणार त्याच्यापुढे मिलिग्रॅम नसतात, नुसतं ‘स्पेशल ब्लेंड’. ग्रीन कॉफीचं तर भारी प्रकरण आहे. ज्या अभ्यासावर तिची हवा झाली तो भारतातच झाला होता, माणसं फक्त १६, छापून आला २०१२ मध्ये. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने म्हटलं की त्यात लोकांच्या वजनाचे आकडेच बदलले होते, एक्स्ट्रॅक्ट विकणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरवर तडजोड केली आणि त्याच वर्षी तो पेपर मागे घेतला गेला. तरी सेमिनारमध्ये ‘क्लिनिकली प्रूव्हन’ चालूच. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण त्याच्या एक्स्ट्रॅक्टच्या गोळ्या-पावडरी घेऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

आणि कॉफीने खरंच झपाट्याने फरक पडत असेल तर खूश होण्याआधी जरा थांबा. सोनामुखीसारखं रेचक असेल तर उतरतं ते पाणी. त्याहून वाईट म्हणजे सिब्युट्रामिन. भूक मारणारं हे औषध हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०१० मध्ये बाजारातून काढलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली, आणि अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएला ते वजन उतरवणाऱ्या कॉफीत लपवलेलं सापडलेलं आहे, लेबलवर अर्थातच नाव नाही. छाती धडधडते, झोप उडते, तोंड कोरडं पडतं, आणि अपलाईन म्हणतो ‘बॉडी डिटॉक्स होतेय मॅडम, डबल डोस घ्या’. तेव्हा डोस वाढवायचा नाही, कॉफी बंद करायची आणि पाकीट घेऊन डॉक्टरकडे जायचं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर सुरूच करू नये.

कागदपत्रं बघून भुलणं ही पुणेकरांची खास चूक, आपल्याला लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दिसलं की बरं वाटतं. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर म्हणजे अन्न विकायचा परवाना, त्यानं वजन उतरतं असं सरकारने कुठेही म्हटलेलं नाही. नंबर त्यांच्याच फॉस्कॉस या वेबसाईटवर टाकून तो त्याच कंपनीचा आहे का तेवढं मात्र जरूर बघा. जीएसटी नंबर, कंपनी रजिस्ट्रेशन, टीडीएस कापल्याचा कागद यातलं काहीही प्लॅन कायदेशीर असल्याचा पुरावा नाही. अन्न म्हणून विकायचं आणि थायरॉईड, डायबेटिस बरा होतो म्हणायचं, हेही चालत नाही. तुम्ही स्टेटसला तसं टाकलंत तर दावा तुमच्या नावावर येतो, स्टेजवरच्या सरांच्या नाही.

डिसेंबर २०२१ पासून डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय माणसांमार्फत थेट विक्रीचे, नियम आहेत, पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशन स्कीमला, म्हणजे नुसती माणसं जोडून पैसा फिरवण्याला, त्यात बंदी आहे, लेखी करार लागतो, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ न घेता घरी जायचं नाही. त्याआधीच्या २०१६ च्या केंद्राच्या गाईडलाईन्समध्येही एन्ट्री फी नको, ठराविक मुदतीत करार रद्द करता यावा आणि विकण्यालायक माल परत घ्यावा असं होतं. त्यामुळे ‘जॉइनिंग फ्री आहे, फक्त १५ हजारांचं किट घ्या’ म्हणाले की ती फीच आहे असं समजा. करार घरी आणून वाचा, तिथंच सही नको. ‘ऑफर आज रात्रीपर्यंत’ म्हणत असतील तर नक्कीच नको.

आधीच अडकला असाल तर नवीन ऑर्डर आजच थांबवा, ऑटो-शिप, म्हणजे दर महिन्याला आपोआप जाणारी ऑर्डर, असेल तर तेही, रँक जाईल म्हणतील, जाऊ दे. कपाटातली पाकिटं मोजा, न फोडलेली वेगळी काढा, एक्सपायरीचे फोटो घ्या, बिलं आणि व्हॉट्सॲप चॅट सेव्ह करा. अपलाईनशी भांडत बसू नका, त्याच्या हातात फारसं काही नसतं, करारातली करार रद्द करायची मुदत आणि बाय-बॅकचं, म्हणजे माल परत घेण्याचं, कलम बघून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाका. नियमाप्रमाणे ४८ कामकाजी तासांत पोच आणि साधारण महिन्याभरात निकाल मिळायला हवा. नाहीच मिळाला तर १९१५ या नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाईनवर तक्रार करून तिचा डॉकेट (नोंदणी) नंबर घ्या. आणि ज्या मावशीला, मैत्रिणीला तुम्ही जोडलंय त्यांना पुढची ऑर्डर जायच्या आत फोन करा, कारण त्यांची परतीची मुदतही चालू झालेली असते.