पोटदुखीचा पेशंट आणि ‘सर्जन बघेपर्यंत सुई नको’: या चुका टाळा

रात्री दोनला ग्रामीण रुग्णालयासमोर जीप थांबते. पेशंटनं गुडघे पोटाशी घेतलेले, अंग घामानं भिजलेलं. सोबतची म्हातारी म्हणते, “लई दुखायलंय हो डॉक्टर, सुई तरी द्या.” ड्युटीवरचा नवा डॉक्टर म्हणतो, “आत्ता सुई दिली तर लक्षणं झाकतील. आधी सर्जन बघू द्या.” सर्जन अंबाजोगाईला, नाहीतर थेट लातूरला. म्हणजे खड्ड्याखड्ड्यानं कळा सोसत तास-दीड तास.

नवा असताना मीही हेच सांगायचो. पहिली चूक तीच.

हा नियम जुना. झॅकरी कोप या ब्रिटिश सर्जननं १९२१ साली तीव्र पोटदुखीवर पुस्तक लिहिलं, त्यात निदानाआधी मॉर्फिन (अफूपासून बनणारं जबर वेदनाशामक) देऊ नका असं बजावलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. सोनोग्राफी नव्हती, सीटी नव्हता, सगळी भिस्त पोटावर ठेवलेल्या हातावर. पुढं यावर रीतसर चाचण्या झाल्या. कॉक्रेन या जगभरच्या चाचण्या पारखणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात त्या एकत्र तपासल्या, तर दुखणं कमी होतं आणि निदान चुकण्याचं प्रमाण वाढत नाही असंच दिसलं. माझाही अनुभव तोच. कळ ओसरली की पेशंट पोट सैल सोडतो आणि कुठं दुखतंय ते बोटानं दाखवतो. फळीसारखं कडक झालेलं पोट एका सुईनं मऊ पडत नाही.

पण सुई आधी आणि हात नंतर, हेही नको. नाडी, बीपी, पोट बघायला दोन-तीन मिनिटं पुरतात. मग मॉर्फिन किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, शिरेतून, थोडं थोडं. श्वासावर आणि बीपीवर लक्ष ठेवून. आपल्याकडं मॉर्फिन बहुतेक वेळा नसतंच. मग मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून. वजन ५० किलोच्या आत असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. डायक्लोफेनॅक हे दुखणं आणि सूज कमी करणारं औषध मुतखड्याला उत्तम. पण अल्सर फुटल्याचा संशय, गरोदरपण, किडनीचा त्रास, किंवा मे महिन्यात उन्हात राबून अंगातलं पाणी आटलेला माणूस, अशा ठिकाणी त्याच्या वाटेला जाऊ नका.

रेफर चिठ्ठीवर नुसतं ‘इंजेक्शन दिले’ लिहून काय उपयोग? औषध, डोस, वेळ आणि सुईआधी पोट कसं होतं, एवढं लिहा. पुढचा सर्जन दुवा देईल.

सगळ्यात महाग पडते ती चूक वेगळीच: सुईनं आराम पडला म्हणून घरी पाठवणं. जुन्या सर्जनांची भीती इथं खरी ठरते. अपेंडिक्सचं दुखणं अचानक थांबलं तर ते फुटलेलंही असू शकतं. थांबवून घ्या, तासा-दोन तासांनी पुन्हा हात लावा.

‘गॅस झालाय’ म्हणण्याआधी चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी काढा. वरच्या पोटातलं दुखणं कधी कधी हृदयाचं निघतं. बाईची लघवीची गरोदर चाचणी करा, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय असं सांगितलं तरीही. गर्भाशयाबाहेर, गर्भनळीतला गर्भ त्यानंतरही राहू शकतो. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला तर साप चावल्याचा संशय घ्या, पापण्या खाली येतायत का बघा. मण्यारीच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. पापण्या जड वाटल्या तर मॉर्फिन आणि त्याच जातीचं ट्रामाडॉल बाजूला ठेवा, श्वास सांभाळा आणि सर्पविषाची लस काढा.

घरच्यांसाठी थोडं. पोट चोळून घेणं, बेंबी सरकली म्हणून ओढून बसवणं, एरंडेल पाजणं यात वेळ जातो आणि सुजलेलं आतडं फुटूही शकतं. १०८ ला फोन करा. मेडिकलवरून आणून दिलेल्या गोळ्यांचं पाकीट फेकू नका, सोबत आणा. आणि वाटेत ढाब्यावर गाडी थांबवून ‘घोटभर चहा घे, बरं वाटंल’ हे नको. भूल द्यायची वेळ आली तर त्या चहाचा हिशोब आम्हाला ठेवावा लागतो.