रोलरवर चढण्याआधी मातीला हात लाव

माझा भाचा गेल्या आठवड्यात कांजूरमार्गच्या एका साइटवर रोलरवर लागला. पहिल्याच रात्री फोन. "मामा, दहा टनांचं धूड आहे. नुसतं पुढे-मागे न्यायचं ना?"

नुसत्या वजनाने रस्ता दबत असता तर बेस्टच्या बसनीच तो दाबला असता. मी एकतीस वर्षं या मशीनवर काढली, त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी माती. भरावाचा मुरूम मुठीत घेऊन घट्ट दाब. लाडू वळला आणि बोटाने दाबल्यावर त्याचे स्वच्छ दोन तुकडे झाले, तर पाणी बरोबर आहे. भुगा झाला तर टँकर बोलाव. तळहात चिकट झाला तर रोलर बंद ठेव, माती उलटून उन्हात वाळू दे. कोरडे कण एकमेकांवर घासून अडतात, थोडं पाणी त्यांना सरकायला मदत करतं. पण जास्त झालं की पाणीच जागा अडवून बसतं, आणि पाणी दबत नाही. अशा ओल्या मातीवर ड्रम, म्हणजे रोलरचं लोखंडी चाक, फिरवला की जमीन गादीसारखी हलते. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने हे गणित 1933 मध्ये मांडलं. आजही रस्त्याखालच्या वरच्या मातीच्या थराला त्याच मातीच्या लॅबमधल्या जास्तीत जास्त घनतेच्या 97 टक्के लागतात. तपासायला खड्डा खणून निघालेली माती तोलतात आणि मोजलेली वाळू ओतून खड्ड्याचं माप काढतात.

थर साधारण वीस सेंटीमीटरचा घे. डंपरवाल्याने घाईत अर्ध्या मीटरचा ढीग पसरला तर वरचा भाग कडक होतो, खाली पोकळच राहतं. मुंबईतले बुजवलेले चर पहिल्या पावसात का खचतात, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. तिथे रोलर मावत नाही, म्हणून रॅमरने, म्हणजे हाताने धरायच्या ठोकणीच्या मशीनने, पातळ पातळ थर ठोकायचे असतात, पण तेवढा धीर कोणाला?

चिकणमाती असेल तर खुरांचा पॅडफूट रोलर लागतो. खुर सुरुवातीला खोल रुततात, माती दबत गेली की आपोआप वर येतात. मुरूम-खडीला साधा ड्रम आणि व्हायब्रेशन, म्हणजे ड्रमची थरथर. कडेकडून मध्याकडे ये, वळणावर खालच्या कडेकडून वर जा, प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्याचा एक तृतीयांश भाग पुन्हा दाब. वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत. जुन्या चाळीलगत व्हायब्रेशन बंद ठेव, फेऱ्या वाढव.

डांबराचं घड्याळ वेगळं. व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचा माल, म्हणजे डांबर-खडीचं मिश्रण, प्लांटमधून साधारण 150 अंशांना बाहेर पडतो आणि 90 अंशांच्या खाली जायच्या आत दबाई संपवायची असते. पातळ थर, त्यात रात्रीचा वारा. माल बघता बघता थंड होतो. म्हणून पेव्हरच्या, म्हणजे माल पसरणाऱ्या मशीनच्या, मागोमाग राहा. आधी शेजारच्या पट्ट्याशी असलेला जोड, मग कडा, मग मध्य. त्यानंतर पीटीआर, म्हणजे टायरवाला रोलर, मळल्यासारखा दाबून बारीक छिद्रं मिटवतो. त्याचे टायर गरम झालेले हवेत, नाहीतर माल चिकटतो. शेवटी व्हायब्रेशनशिवाय टँडेम, म्हणजे पुढे-मागे दोन ड्रमचा रोलर, खुणा पुसायला. ड्रमवर पाण्याचा फवारा चालू ठेव. डिझेल लावायचा मोह होईल, पण डिझेल डांबर विरघळवतं.

दिशा बदलताना आधी व्हायब्रेशन बंद, मग ब्रेक, तोही हळू. आणि गरम मालावर रोलर उभा करायचा नाही. नवा होतो तेव्हा मी चहासाठी केला होता. परत आलो तर ड्रमखाली आडवी पन्हळ. आमचे इंजिनिअर एक शब्द बोलले नाहीत. हातातल्या बाटलीतलं पाणी त्यांनी तिथे ओतलं. ते साचूनच राहिलं, दिव्याचं प्रतिबिंब पडेपर्यंत. तेवढा पट्टा आम्ही पहाटेपर्यंत उखडून पुन्हा टाकला.

चहा प्यायचाच असेल, तर रोलर मागे, थंड झालेल्या भागावर नेऊन उभा कर.