आठ सेकंदांचा आरसा आणि आखाजीचा झोका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून गेम डिझाइनकडे वळणारी बरीच मुलं पहिल्याच दिवशी भलंमोठं गेम इंजिन (गेम बांधायचं सॉफ्टवेअर) डाउनलोड करतात, थ्रीडी शहर मांडतात आणि महिन्याभरात कंटाळतात. समोरच्यानं काही केलं की पडद्यानं उत्तर द्यायचं, आणि ते किती वेळात द्यायचं, हे हाताला कळायच्या आधीच देखावा सुरू झालेला असतो. त्यापेक्षा जुन्या व्हिडिओ आर्टच्या, म्हणजे कॅमेरा आणि टीव्ही वापरून केलेल्या कलाकृती लॅपटॉपवर पुन्हा बांधून बघा.

व्हिडिओ आर्टमधून गेम आला, असं सरळ रेषेत सांगितलं जातं. तारखा तसं म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीत पीडीपी-1 संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा गेम 1962 मध्ये चालू होता. व्हिडिओ कलावंत नाम जून पाइकनं जर्मनीत वुपरटालला टीव्ही संचांचं प्रदर्शन मांडलं ते 1963 मध्ये. ‘पाँग’ हा गेम आला 1972 मध्ये. तेव्हा ही चुलत भावंडं म्हणा. गेमवाल्यांनी उत्तर शक्य तितकं झटपट दिलं. कलावंतांनी ते मुद्दाम बिघडवलं. कलावंत ब्रूस नाउमनच्या 1970 च्या कलाकृतीतल्या अरुंद बोळात कॅमेरा तुमच्या मागे, तोंडाशी आहे आणि मॉनिटर पुढे, शेवटाला. मॉनिटरकडे जावं तसतशी त्यातली आपली पाठमोरी आकृती लहान होत जाते. डॅन ग्रॅहम या कलावंताच्या 1974 च्या कलाकृतीतल्या एका खोलीत भिंतीवरचे आरसे आत्ताचे तुम्ही दाखवतात, मॉनिटर 8 सेकंदांपूर्वीचे.

ही 8 सेकंदं आधी बांधा. पी5.जेएस ही कोड लिहून चित्र-आवाज बनवायची लायब्ररी फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते. कॅमेरा 320×240 वर ठेवा, वेग सेकंदाला 15 फ्रेम. म्हणजे 120 फ्रेम साठवायच्या. एका पिक्सेलला 4 बाइट धरले तर सगळा साठा सुमारे 37 एमबी. हौसेनं 640×480 आणि 30 फ्रेम केलं की तोच 295 एमबी होतो, आणि 4 जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो. एकेका फ्रेमसाठी एक असे 120 खण सुरुवातीलाच करून ठेवा, प्रत्येकाची पिक्सेल डेन्सिटी (एका बिंदूमागे किती पिक्सेल) 1. ती 2 राहिली तर मेमरी चौपट लागते. खण संपले की पुन्हा पहिल्यापासून.

इथं हमखास होणारी चूक क्रमाची. खणातली जुनी फ्रेम आधी दाखवायची, मगच तिच्यावर नवी लिहायची. उलटं केलं तर साधा आरसा होतो, आणि एररही येत नाही. दुसरी गोम उन्हाळ्याची. भुसावळच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून स्वतःच मंदावतो, 15 च्या जागी 10 फ्रेम देतो आणि 8 सेकंदांची 12 होतात. म्हणून प्रत्येक फ्रेमसोबत वेळ लिहून ठेवा आणि 8 सेकंदांपूर्वीची फ्रेम वेळेवरून शोधा, मोजून नव्हे. वेग वाढेल तेव्हाही पुरतील असे थोडे जास्त खण ठेवा.

खोलीत जुनी ट्यूबलाइट असेल तर चित्रावर पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 असेल तर 50 करा. फ्रेममधला फरक मोजून हालचाल ओळखत असाल, तर पट्टेही हालचालच ठरतात. छताचा पंखाही. तो चौकटीबाहेर ठेवा, बंद करा म्हणणं क्रूरपणाचं होईल.

आता त्याचा खेळ करा. आखाजीला (खान्देशातली अक्षय्य तृतीया) निंबाला बांधलेला झोका घ्या: झोका जोरात गेला की आवाज चढावा. फळीच्या कडेला भडक निळी पट्टी लावा, फोनचा कॅमेरा बाजूनं ठेवा, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, नाहीतर पानांतून ऊन हललं की रंगच बदलतो. फोन सावलीत ठेवा. तापला की कॅमेरा बंद पडतो. नवखा माणूस एका हेलकाव्याला लागणारा वेळ मोजतो आणि आवाज बदलत कसा नाही म्हणून कोड उसवत बसतो. अडीच मीटर दोराच्या झोक्याला जाऊन परत यायला सुमारे 3.2 सेकंद लागतात, हलका दिला काय नि जोरात दिला काय, फार फरक नाही. जोर दिसतो तो अगदी तळाशी असलेल्या वेगात. तिथं लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये पट्टी किती पिक्सेल सरकली, ते मोजा. ब्राउझर मात्र पहिल्या क्लिकशिवाय आवाज सोडत नाही, तेव्हा ‘सुरू करा’ असं बटण लागेलच.

उत्तराला किती उशीर लागतो तेही मोजता येतं. दुसऱ्या फोनवर 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये बोट आणि पडदा एकत्र टिपा. बोट टेकल्यापासून पडदा बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे 4.2 मिलिसेकंद. 24 आल्या तर 100 मिलिसेकंद. झोक्याला ते चालून जातं, उडी मारणाऱ्या पात्राला नाही.

हे पुढे शिकायचं तर डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा आहेत: बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड. दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) इथं एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला न्यू मीडिया डिझाइन आणि डिजिटल गेम डिझाइन हे वेगळे विषय आहेत. पोर्टफोलिओत नुसतं स्क्रीन रेकॉर्डिंग लावू नका. झोका घेणारी मुलगी आणि पडदा एकाच चौकटीत असलेला मिनिटभराचा व्हिडिओ ठेवा, शेजारी सुधारणेआधीचा नि नंतरचा उशीर मिलिसेकंदांत.