युद्धस्मारकावर पणजोबांचं नाव कसं शोधावं

"पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले. दिल्लीला चाललोय, इंडिया गेटवर त्यांचं नाव कुठे असेल?" हा प्रश्न मला दर सुट्टीत कोणी ना कोणी विचारतं. त्यांना आधी कोणीतरी सांगितलेलं असतं की सगळ्या शहीदांची नावं तिथे आहेत. ते खरं नाही. त्या सांगण्यावर विसंबून माणसं म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन दिल्लीला जातात, उन्हात कमानीखाली उभी राहतात आणि नाव नाही म्हणून रडवेली होऊन परत येतात. म्हणून तिकीट काढण्याआधी पुढचं वाचा.

इंडिया गेट 1931 साली खुलं झालं. ते अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे 70,000 सैनिकांचं स्मारक आहे, पण दगडावर कोरलेली नावं 13,000हून थोडीच जास्त आहेत. ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि 1919च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. फ्रान्समध्ये पडून ज्यांची कबर सापडली नाही, त्यांची नावं तिथल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत. घरात "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" असं सांगत असतील, तर इराकमधल्या बसरा स्मारकाची यादी बघा. आपल्याकडच्या मराठा पलटणींची माणसं सर्वांत जास्त याच यादीत सापडतात. कोकणातल्या खलाशांसाठी मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धाची नावं इंडिया गेटवर शोधूच नका. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 1944 साली इटलीत पडले, त्यांचं नाव तिथल्याच कॅसिनो स्मारकावर आहे. स्वातंत्र्यानंतरचे शहीद दिल्लीतल्याच राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्याग चक्रात आहेत, आणि ते शोधणं सोपं आहे.

दोन्ही महायुद्धांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर फुकट बघता येते. कुठल्याही स्मारकावर जाण्याआधी शोध तिथेच घ्यायचा.

आता खरी अडचण. नाव इंग्रजीत लिहिलेलं आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं आहे. माझ्या आजीचे चुलते जाधव. मी दोन वर्षं जाधव हे आडनाव आज लिहितात तसं, शेवटी 'व्ही' लावून शोधत राहिलो आणि ते यादीत नाहीतच असं घरी सांगून टाकलं. आजी त्यावर काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही. ते यादीत होते. 'व्ही'च्या जागी 'ओ' होता. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजीत असं दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. मग साध्या शिपायाचं काय झालं असेल, याचा विचार करा. पवारमध्ये 'पी'नंतर 'ओ' टाकून बघा, कोल्हापूरकडे आजही असं लिहितात. चव्हाणमध्ये 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू', भोसलेमध्ये मधला 'एन', शिंदेमधला 'एच' गायब. अनेकदा पूर्ण नाव आडनावाच्याच रकान्यात असतं, तर कधी आडनाव मुळी नसतंच, नुसतं गणू किंवा बाबू. पूर्ण नाव एकदम टाकून "सापडलं नाही" म्हणणं हा शोध नव्हे. पहिली तीन-चार अक्षरं टाका, पलटण निवडा, आणि आलेली प्रत्येक नोंद उघडून वाचा. एक रविवार जाईल. जाऊ द्या.

नाव जुळलं म्हणून लगेच हार घालू नका, ही माझी दुसरी ताकीद. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-पाच शिपाई सहज निघतात. ओळख पटते ती सैन्यातला नंबर, वडिलांचं नाव आणि गाव यांवरून. नोंदीत पुष्कळदा "अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका" असं लिहिलेलं असतं. मात्र जिल्हे जुने आहेत. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा, आणि आजचा सिंधुदुर्ग बहुतेक रत्नागिरीत. नंबर हवा असेल तर घरातलं पदक शोधा आणि भिंगाखाली त्याची कड वाचा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथे कोरलेलं असतं, आणि तिथली वर्तनीच यादीत चालण्याची शक्यता जास्त. मला 'ओ' तिथेच दिसला. पदक राख-चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. वीतभरापेक्षा लहान, गोल, जड ब्राँझची तबकडी सापडली आणि तिच्यावर हुद्दा नसलेलं नाव असेल, तर ती मृत सैनिकाच्या घरीच पाठवत. नुसतं पदक जिवंत परतलेल्यालाही मिळे.

पलटणीच्या आकड्याने गोंधळू नका. 1922 साली आकडे बदलले. 103, 105, 110, 114, 116, 117 या सगळ्या पलटणी पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये गेल्या. घरात "पाचवी मराठा" म्हणत असले तरी 1916च्या नोंदीत 110 असेल. 111 महार ही पलटण 1917 साली उभी राहिली, ती वेगळी बघा. हुद्द्याच्या जागी भिस्ती, ड्राबी किंवा फॉलोअर दिसलं तर चुकीची नोंद म्हणून सोडून देऊ नका. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे तेही त्याच युद्धात मेले.

मृत्यूची तारीख नीट वाचा. 103, 110 आणि 117 या पलटणी इराकमधल्या कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. तुमच्या माणसाची तारीख त्यानंतरच्या महिन्यांतली असेल, तर तो बहुधा तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किंवा आजाराने गेला. घरी "लढाईत पडले" असं सांगत आले असतील. खरं काय ते घरच्यांना सांगा, आणि बसून सांगा.

बसऱ्याबद्दल एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली नाही. तिथल्या भिंतीवर साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा, एवढंच. नावं फक्त कागदी यादीत आहेत. हा अन्याय होता, आणि कमिशनने 2021 साली त्याबद्दल माफी मागितली. म्हणून स्मारकाचा फोटो मोठा करकरून नाव शोधू नका. संकेतस्थळावरचं पान छापून घ्या.

गावात चावडीपाशी किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत "या गावातून इतकी माणसं महायुद्धात गेली, इतकी मेली" अशी शिळा असेल तर तिचाही फोटो काढा. तिच्यावर नाव नसतं, पण तुमच्या गावातल्या सापडलेल्या नोंदींची संख्या तिच्याशी ताडून बघता येते.

वडिलांचं किंवा गावाचं नाव नोंदीत चुकलं असेल तर कमिशनला लिहून दुरुस्ती मागता येते. सोबत पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो आणि पेन्शनचा कागद जोडा. नुसतं "आमच्याकडे असं सांगतात" म्हणून पाठवलेला माझा पहिला अर्ज परत आला होता.