नट्सशिवाय पॅलिओ पॅनकेक: नारळाच्या पिठाचे, घरच्या घरी

पॅलिओ पद्धतीने, म्हणजे शेती सुरू होण्याआधीचा माणूस खात असेल तसं, खायचं म्हटलं की गहू, तांदूळ, मका, कडधान्यं, दूध आणि साखर बाजूला पडतात. मग पॅनकेक कशाचे करायचे? बहुतेक पाककृतींत उत्तर एकच असतं, बदामाचं पीठ. घरात कुणाला बदाम-अक्रोडाची ॲलर्जी असेल तर गाडी तिथेच अडते. नारळाचं पीठ वापरून ही अडचण सुटते. मात्र त्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे. बदामाच्या पिठाची पाककृती घेऊन तेवढंच नारळाचं पीठ घातलंत, तर पिठाचा कोरडा गोळा हाती येईल. नारळाच्या पिठात तंतू भरपूर असतात आणि ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून घेतं. म्हणून ते थोडंसंच घ्यायचं आणि अंडी जास्त.

आधी ॲलर्जीचं बोलून घेऊ, कारण चवीपेक्षा ते महत्त्वाचं आहे. मराठीत सुकामेवा म्हटलं की मनुका आणि खजूरही आले, पण इथे टाळायचे आहेत ते बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते, हेझलनट, पेकन यांसारखे नट्स. शेंगदाणा खरं तर शेंगवर्गातला, त्यामुळे पॅलिओत तो आधीच बाद असतो. नारळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने नट नाही आणि नट्सची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना तो चालतो. तरीही काहींना नारळाचीही ॲलर्जी असते. ज्याच्यासाठी करताय त्याने पूर्वी नारळ खाल्लेला नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा. नारळाचं पीठ पुष्कळदा बदामाच्या पिठाबरोबर एकाच कारखान्यात दळलं जातं. ‘नट्सचा अंश असू शकतो’ असा इशारा छापणं बऱ्याच देशांत कंपनीच्या मर्जीवर असतं. म्हणजे इशारा नाही म्हणून पीठ सुरक्षित, असं धरून चालता येत नाही. ॲलर्जी तीव्र असेल तर ‘नट-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. नारळाच्या दुधाचा डबाही तपासा, काहींत बदामाचं दूध मिसळलेलं असतं. आणि मिक्सरचं भांडं, चाळणी, उलथणं साबणाने नीट धुऊन घ्या, नुसतं पुसून भागत नाही.

आता साहित्य. यात साधारण 9 सेंटिमीटरचे 7-8 पॅनकेक होतात, म्हणजे दोघांची न्याहारी.

- अंडी 3, फ्रिजमधून आधीच बाहेर काढलेली
- नारळाचं पीठ 30 ग्रॅम (पाव कप)
- टॅपिओका स्टार्च किंवा आरारूट 30 ग्रॅम (पाव कप)
- नारळाचं दूध 80 मिली, साखर न घातलेलं
- पातळ केलेलं खोबरेल तेल 1 टेबलस्पून, शिवाय तव्यासाठी थोडं (अर्थात खाण्याचं)
- मध 1 टेबलस्पून, नको असल्यास वगळा
- खाण्याचा सोडा पाव टीस्पून, लिंबाचा रस 1 टीस्पून
- चिमूटभर मीठ

बेकिंग पावडर घातलेली नाही, कारण विकतच्या पावडरीत बहुधा मक्याचा स्टार्च असतो. सोडा आणि लिंबू मिळून तेच काम करतात. टॅपिओका कसावाच्या कंदातून निघतो. गव्हातल्या ग्लूटेनसारखं पीठ धरून ठेवणारं इथे काही नसल्यामुळे थोडी लवचीकता तो देतो. खरी पकड मात्र अंड्यांची. अंडी वगळून ही पाककृती जमत नाही.

अंडी, नारळाचं दूध आणि मध चांगलं फेसाळेपर्यंत फेटा. मग तेल घाला. अंडी-दूध गार असेल तर तेल लगेच थिजून त्याचे कण होतात, म्हणून सगळं खोलीच्या तापमानाला आणायचं. दुसऱ्या भांड्यात नारळाचं पीठ, स्टार्च, सोडा आणि मीठ चाळून घ्या. नारळाच्या पिठाच्या गुठळ्या चिवट असतात, चाळायचा कंटाळा करू नका. हे कोरडं मिश्रण अंड्यांत घालून एकजीव करा.

आता 5 मिनिटं थांबा. सगळी गंमत या थांबण्यात आहे. मिश्रण सुरुवातीला फार पातळ वाटतं आणि आणखी पीठ घालायचा मोह होतो. तो आवरा. तेवढ्या वेळात पीठ द्रव पिऊन घेतं आणि मिश्रण आपोआप दाट होतं. पळीतून जाड धारेने, सावकाश पडेल इतपत हवं. त्याहून घट्ट झालं तर चमचा-चमचा नारळाचं दूध घाला, फारच सैल वाटलं तर चमचाभर टॅपिओका. लिंबाचा रस अगदी शेवटी, तवा तापला की घाला आणि हलक्या हाताने ढवळा, म्हणजे बुडबुडे वाया जात नाहीत.

नॉनस्टिक किंवा मुरलेला बिडाचा तवा मंद ते मध्यम आचेवर तापवून तेलाचा हात फिरवा. दोन टेबलस्पून मिश्रण घाला, पसरवू नका. आकार लहानच ठेवा, मोठा पॅनकेक उलटताना तुटतो. झाकण ठेवून अडीच-तीन मिनिटं शिजू द्या. मैद्याच्या पॅनकेकवर येतात तसे भरपूर बुडबुडे यांवर येत नाहीत, त्यांची वाट बघत बसलात तर खालची बाजू करपेल. कडा कोरड्या दिसल्या आणि वरचा ओलसरपणा जवळजवळ गेला, की पातळ उलथणं पूर्ण खाली सरकवून एका झटक्यात उलटा. दुसरी बाजू मिनिट-दीड मिनिटात होते. मधामुळे रंग लवकर चढतो, तेव्हा आच वाढवायची घाई नको.

नारळ अजिबात चालत नसेल तर काही जण सूर्यफुलाच्या बियांचं पीठ वापरतात. ते बदामाच्या पिठाच्या बरंच जवळचं असल्यामुळे बदामाच्या पाककृतीत साधारण तेवढ्याच मापाने बसतं. फक्त त्यातलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी मिळून पॅनकेक आतून हिरवट होऊ शकतो. तो बिघडलेला नसतो, बिनधास्त खा. रंग नको असेल तर सोडा थोडा कमी आणि लिंबू थोडं जास्त घाला.

वरून ताजी फळं किंवा थोडा मध घेऊन गरमच खा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, मिश्रणातलाही नाही. त्याच्यासाठी तेवढंच कुस्करलेलं पिकलं केळं घाला. उरलेले पॅनकेक गार झाल्यावर मध्ये कागद घालून डब्यात भरले तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. पुन्हा गरम करताना मंद तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर पुरे.